देवीच्या अंगावरची साडी

दोन वर्षं मी गावदेवीला तोंड दाखवलं नव्हतं. मला कोणी अडवलं होतं असं नाही. पुजारी काही बोलला नव्हता, घरात कोणी शब्द काढला नव्हता आणि गावातल्या निम्म्या लोकांना तर काही ठाऊकच नव्हतं. मीच मला अडवलं होतं. माणसांना दारात अडवण्याच्या कामात माझा हात धरणारं आमच्या आळीत कोणी नाही, हे पुढे सांगायचंच आहे. पण आधी दुखण्याचं सांगते, कारण सुरुवात तिथून झाली.

माझ्या मोठ्या आतड्याच्या अगदी शेवटाला गाठ निघाली. ऑपरेशन झालं, गाठ गेली, जीव वाचला. मात्र शौचाची मूळ वाट कायमची बंद करून डॉक्टरांनी ती पोटाच्या डाव्या बाजूला काढून दिली. तिथे कातडीवर एक चिकट चकती लावायची आणि त्या चकतीला पिशवी अडकवायची. ती भरली की रिकामी करायची, दोन-चार दिवसांनी चकतीसकट बदलायची. मरेपर्यंत हे असंच चालणार. शिकवणारी सिस्टर मोठी प्रेमळ होती. म्हणाली, काकू, लोक चष्मा लावतात, कवळी लावतात, तशी ही. मी मान हलवली. मनात म्हटलं, बाई गं, चष्मा लावून माणूस देवळात जातो, ही लावून कसा जाणार?

कारण ही पिशवी आपल्या मर्जीने चालत नाही. कधी भरेल ते सांगत नाही, आणि पोट कधी आवाज करेल तेही आपल्या हातात नसतं. चारचौघांत बसलेलं असताना पोटातून बेडकासारखा आवाज येतो आणि सगळे इकडेतिकडे बघायला लागतात. आरती संपून सगळे डोळे मिटून उभे आहेत आणि त्या शांततेत माझं पोट बोललं, हे चित्र मला झोपेतही दिसायचं. घरातल्या देव्हाऱ्यापुढेही मी बसेनाशी झाले. दिवा माझी धाकटी जाऊ लावायची. मी स्वयंपाकघरातून हात जोडायचे, तेही ओट्याच्या आड उभी राहून.

आमचं गाव खाडीकाठचं. आता गाव म्हणायचं ते जुन्या सवयीने. सीवूड्सच्या मॉलपासून चालत वीस मिनिटं, चारही बाजूंनी टॉवर, आणि मध्ये एकमेकांना चिकटून आमच्या तीन-चार मजली चाळीवजा इमारती. खाली आम्ही आणि वर भाडेकरू. पण गावदेवी तिच्या जागेवर आहे आणि चैत्रात तिची पालखी निघते. पालखीचा पहिला मुक्काम आमच्या दारात, कारण माझ्या आजेसासऱ्यांना त्यांच्या खारजमिनीत बांध घालताना देवीचा तांदळा, म्हणजे शेंदराचा पाषाण, सापडला होता. ती जमीन आता कुठल्या तरी इमारतीच्या गाड्या ठेवायच्या जागेखाली आहे, पण मान राहिला. पालखी देवळातून निघते ती थेट आमच्याकडे येते. घरच्या थोरल्या सुनेने पालखीवाल्यांच्या पायांवर पाणी घालायचं, देवीची ओटी भरायची, मग घरच्यांनी एकेक करून पालखीखालून जायचं. तेव्हा कुठे ती पुढच्या दाराला वळते.

मी ती थोरली सून. तीस वर्षं मी हा मान असा सांभाळला की सासूसुद्धा शेवटी शेवटी मला विचारून वागायची. आदल्या दिवशी घर तीन वेळा पुसायचं, नैवेद्याच्या भांड्यांना बाहेरच्या कोणाचा हात लागू द्यायचा नाही. कोण कधी न्हालं, कोणाच्या घरी सुतक, कोणाच्या घरी वृद्धी, सगळा हिशेब माझ्या डोक्यात. आमचे मालक, म्हणजे माझे यजमान, थट्टेने म्हणायचे, "देवी परवडली, पन हिच्यासमोर जायला भेव वाटते." मला त्याचा अभिमान वाटायचा. आज लिहिताना वाटत नाही.

ऑपरेशननंतरच्या पहिल्या चैत्रात मी एक गोष्ट केली, ती आमच्याकडे फक्त सुतक असलेलं घर करतं. दारात रांगोळी घातली नाही. रांगोळी नसलेल्या दारापुढे पालखी थांबत नाही, हा गावचा जुना नेम आहे. मालक पहाटेच बाजारात गेले होते, जाऊ माहेरी होती, मला कोण विचारणार? दार लोटून मी आत बसले. ढोल जवळ आले, दाराशी क्षणभर घुटमळले आणि पुढे गेले. तो घुटमळण्याचा क्षण मी अजून विसरलेली नाही. मग जे व्हायचं ते झालं. तासाभरात फोन सुरू झाले, कोण गेलं, कधी गेलं? मालकांची आत्या उरणहून रिक्षा करून आली ती रडतच उतरली. समोर मालक चहा पीत बसलेले दिसल्यावर तिचं रडं थांबलं आणि तिने त्यांनाच शिव्या घातल्या. पुढे महिनाभर सगळे त्या गोष्टीवर हसले. मीही हसले. पण कोणी तरी गेलं होतं हे खरंच होतं आणि ते मला एकटीलाच माहीत होतं.

दुसऱ्या वर्षी मालक ठाम राहिले. म्हणाले, "या वर्साला रांगोली पडल. तू नाय भरलीस ओटी तं धाकटी भरल. पन देवी दारावरून परत जानार नाय." मी म्हटलं, ठीक आहे, मग मी त्या दिवशी मोऱ्याला जाईन. उरणजवळच्या मोऱ्याला माझा भाऊ राहतो, लाँचच्या धक्क्यापासून जवळच. 

माझ्या धाकट्या जावेचं नाव रंजना. सावकाश बोलणारी, सावकाश चालणारी बाई. त्या दिवशी तिने पहाटे उठून रांगोळी घातली, पाट मांडला, तांब्याचं घंगाळ घासून ठेवलं. ओटीचं सामानही एका लाल कापडी झोळ्यात भरून पॅसेजमधल्या खुर्चीवर ठेवलं. माझी बदलायची चकती, पिशव्या, कात्री, टिश्यू असं सगळं दुसऱ्या लाल झोळ्यात असतं. दोन्ही झोळे आमच्या पुतणीच्या लग्नात आहेर म्हणून वाटलेले, हुबेहूब एकसारखे. मी दहाच्या सुमाराला निघाले. रांगोळीवर पाय पडू नये म्हणून भिंतीला अंग घासत बाहेर आले, जाताजाता झोळा उचलला आणि मागे वळून पाहिलं नाही. भावाला फोनही केला नव्हता. केला असता तर त्याने विचारलं असतं, आज पालखी आणि तू इकडे कशी? बसमध्ये बसल्यावर मी माझा फोनही बंद करून टाकला, कोणी परत बोलवायला नको म्हणून.

मोऱ्याला पोचले तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. भावाच्या दाराला कुलूप. शेजारच्या बाईने सांगितलं की सगळे सकाळच्या लाँचने मुंबईला गेले, सून बघायला, येतील संध्याकाळी. मी म्हटलं, काही हरकत नाही, आणि धक्क्याच्या वाटेला लागले. तिथे झाडाखाली एक दगडी कट्टा आहे, लहानपणी आम्ही लाँचची वाट बघत बसायचो तो. कट्ट्याच्या मागेच एक लहानसं देऊळ, कोळ्यांच्या देवीचं. मी मुद्दाम देवळाकडे पाठ करून बसले.

बसने वाटेत बरेच गचके दिले होते आणि घाम तर विचारूच नका. थोड्या वेळाने पोटाशी ऊबदार ओल जाणवली. पिशवीवाल्या माणसाला ती ओल कळते, इतरांना सांगून कळणार नाही. चकतीची एक कड सुटली होती. मी झोळा उघडला. आत खण, नारळ, तांदूळ, हळकुंडं, सुपाऱ्या, हिरव्या बांगड्या आणि कुंकवाची पुडी. माझ्या पिशव्या घरी खुर्चीवर होत्या आणि देवीची ओटी माझ्या मांडीवर. तेवढ्यात उरलेली चकतीही सुटली आणि साडीवरून, परकरावरून कट्ट्यावर सगळं वाहत गेलं. ओटीचा झोळा तेवढा मी वर उचलून धरला. त्याला डाग लागू नये एवढंच मला सुचलं. दुपारचं कोणी नव्हतं. मी रडले, आणि रडताना देवीला म्हटलं, बघ, मी उगाच घाबरत नव्हते, मी अशीच आहे. दोन वर्षांत तिच्याशी बोललेलं तेवढंच.

"कोन गो? उनान कनाला बसलीस?" मागून आवाज आला. सत्तरीची एक कोळीण, काष्टा मारलेली, हातात खराटा. देवळाच्या अंगणात सुकत घातलेला जवळा ती सारखा करत होती. ती जवळ आली आणि थांबली. वास तिला आला असणारच. तिने माझ्या साडीकडे बघितलं, मग पोटाकडे बघितलं. तिने नाक मुरडलं नाही आणि अरेरेही म्हटलं नाही.

"ऑपरेसन झालाय?"

मी मान हलवली.

"चल. नल आत हाय, देवलाच्या मागं. धू आधी."

नळापर्यंत जायला देवळातूनच वाट होती. देवीच्या समोरून जावं लागणार होतं. मी म्हटलं, मी आत नाय येनार, मी ओवली हाय, तुमी मना बाहेर बादली आनून द्या. तिने खराटा भिंतीला लावला आणि म्हणाली, "हिच्या अंगनान आमी म्हावरा सुकवताव. मांजरा तोंडान बोंबील घेऊन हिच्या पायाशी झोपतान. खलाशी दारू पिऊन हितंच पडतान, सकाली उठून जातान. ती कंदी कोनाला ऊठ नाय बोलली. तू कोन लागून गेलीस मोठी?"

हे ती रागाने बोलली नाही, दयेनेही नाही. आपण शेजारणीला बोलतो तसंच बोलली. पण माझ्या मनात काही तरी तुटलं. दोन वर्षं मी समजत होते की मी देवीपुढे स्वतःला लहान करते आहे. खरं तर मी स्वतःला एवढी मोठी करून ठेवली होती की तिच्या मायेत मांजराला जागा होती, दारुड्याला होती, मलाच नव्हती. तिच्या दारात कोण यावं हे आधीही मीच ठरवत होते आणि नंतरही मीच. आधी इतरांना अडवलं, मग स्वतःला. ती काय म्हणते हे मी एकदाही विचारलं नव्हतं. कोळीण माझा दंड धरून चालू लागली आणि मी तिच्यामागे गेले, ओली, घाण, देवीच्या अगदी समोरून. डोळे मिटून घ्यावेसे वाटत होते, पण मी मिटले नाहीत. शेंदराचं तोंड, चांदीचे डोळे. ते डोळे सगळ्यांकडे बघतात तसेच माझ्याकडे बघत होते.

नळाशी तिने मला लहान पोरीसारखं धुतलं. मी किती वेळा म्हटलं, तुमी नका हात लावू, तर म्हणाली, माझा हात दिवसभर म्हावऱ्यातच असतो, त्याला काय होतंय. जखमेसारख्या लाल जागेवरून तिने पाणी इतकं हलकं सोडलं की त्या सिस्टरची आठवण आली. माझे कपडे तिने एका बादलीत भिजवले. मग आत जाऊन एक पत्र्याची पेटी उघडली. देवीला लोक साड्या नेसवतात, त्या उतरवल्या की त्या पेटीत जातात. तिथली जुनी, मऊ झालेली एक साडी तिने टराटरा फाडली, घडी करून माझ्या पोटावर ठेवली, वर मासळीची धुतलेली प्लॅस्टिकची थैली बांधली आणि त्यावरून आणखी एक पट्टी कमरेला गुंडाळली. आणि नेसायला म्हणून पेटीतली सगळ्यात वरची साडी काढली. हिरवी, लाल काठाची. "कालच उतरवली. अजून तिच्या अंगाचा वास हाय हिला."

मी ती हातात घेतली आणि मला ती नेसवेना. आमच्या घरी देवीची साडी म्हणजे डोक्याला लावायची, कपाटात वरच्या खणात ठेवायची, नव्या सुनेला ओटीत द्यायची. ती अंगाला लावायची, आणि तीही अशा अंगाला? कोळणीने माझ्याकडे पाठ केली आणि जवळा गोळा करायला गेली. मी नेसले. हळद, तेल, उदबत्ती, थोडासा फुलांचा कुबट वास. एवढं स्पष्टच लिहिते: त्या दुपारी ती साडी अंगावर चढली तेव्हा कोणी तरी मला मागून मिठी मारल्यासारखं वाटलं. मी चमत्काराची गोष्ट सांगत नाही. साडी पेटीतली होती, पेटी एका बाईने उघडली होती. पण जिच्यापासून मी पळून आले होते ती माझ्या अंगावर पांघरूण घालील असं मला वाटलं नव्हतं, आणि इथे देवीने स्वतःच्या अंगावरचं काढून दिलं होतं.

कट्ट्यावरचा झोळा कोळणीनेच आणून दिला. आत डोकावून म्हणाली, "ओटी घेऊन आलीस आन बाहेर बसलीस?" मग मी ओटी भरली. तांदूळ, खण, नारळ, बांगड्या, सगळं तीस वर्षांच्या सवयीने हाताखालून गेलं. हात जोडले, डोळे मिटले, आणि त्या शांततेत माझं पोट बोललं. चांगलं मोठ्याने. गेली दोन वर्षं ज्याची भीती होती ते झालं. काहीही कोसळलं नाही. देवीच्या पायाशी झोपलेल्या मांजराने डोळा उघडून पुन्हा मिटला. कोळीण दारातून म्हणाली, "आयकला तिनं," आणि हसली. मीही हसले, डोळ्यांतून पाणी वाहत असताना.

पण बांधलेली घडी किती वेळ टिकणार? माझ्या पिशव्या घरी होत्या, म्हणजे घरी जाणं भागच होतं. कोळणीने रिक्षा थांबवून दिली. ओले कपडे माझ्या रिकाम्या झोळ्यात भरले. निघताना मी तिचं नाव विचारलं. हिराबाय.

रिक्षा पुलावरून येत होती तेव्हा मला रंजनाचं आठवलं. विसरले नव्हते कधीच, आठवायचं टाळत होते. तिच्या लग्नानंतरची पहिली पालखी. बावीस वर्षं झाली. पहाटे ती माझ्याकडे आली आणि खाली मान घालून म्हणाली की तिची पाळी आली आहे. लपवू शकली असती, लपवलं नाही. मी तिला मागच्या खोलीत नेऊन बसवलं आणि दाराला बाहेरून कडी लावली, सावली पडायला नको म्हणून. नवी सून, नव्या साडीतली, सबंध पालखी तिने बंद दारातून ऐकली. पुढे कित्येक वर्षं मी ही गोष्ट बायकांना अभिमानाने सांगितली.

आमच्या आळीच्या तोंडाशी रिक्षा अडली. पाच वाजून गेले होते. एरवी या वेळेला पालखी चार घरं पुढे गेलेली असते. त्या दिवशी ती आमच्याच दारात उभी होती. मालक घामाने भिजलेले, पालखीवाले कंटाळून खांदे बदलत होते, ढोलवाले बसून पाणी पीत होते. उंबऱ्यात पाटाजवळ रंजना उभी होती आणि तिच्या हातात माझा झोळा होता, माझ्या पिशव्यांचा. दुपारी ओटी मांडायला म्हणून तिने तो उघडला होता आणि तिला कळलं होतं की मी काहीही सोबत न घेता बाहेर आहे. माझा फोन बंद. भावाच्या घरी कोणी फोन उचलेना. तेव्हापासून ती तशीच उभी होती म्हणे. शेजारणीने दुसरं ओटीचं सामान आणून दिलं, लोक घाई करत होते, सगळी आळी बोलत होती. सावकाश बोलणारी ही बाई एकच वाक्य बोलत राहिली, "मोठी बाय येल तवा भरू. देवीला घाई नाय."

मला मागच्या दाराने घरात जायचं होतं. पण आमच्या इमारतीला मागचं दार उरलेलं नाही. पालखी ओलांडल्याशिवाय आत जाता येत नव्हतं. मी पुढे आले, केस ओले, अंगावर दुसऱ्याच गावच्या देवीची साडी, पोटाला बोंबलाच्या वासाची थैली, हातात घाण कपड्यांचा झोळा. ओटीला हातात तांदळाचा दाणाही नव्हता. आजवर मी त्या पालखीपुढे कधी नारळाशिवाय उभी राहिले नव्हते. रंजनाने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. तिने शेजारणीचं ताट माझ्यापुढे धरलं.

मी म्हटलं, तू भर. तुझ्याच हातानं भर.

मग तिने ओटी भरली, बावीस वर्षांत पहिल्यांदा. पालखीवाल्यांनी पालखी वर उचलली, आणि घरच्यांनी खालून जायचं म्हणून रंजनाने माझं मनगट धरलं. मी वाकले. वाकल्यावर पोटाची घडी सरकली, पुन्हा ओल आली, मला कळलं. मी थांबले नाही. तशीच, माझ्या सगळ्यासकट, माझ्या गावदेवीच्या खालून गेले.

आत गेल्यावर रंजना मला मागच्या खोलीत घेऊन आली. तीच खोली. चकती लावायला खाली वाकून दिसत नाही, म्हणून तिने आरसा धरला. बाहेर ढोल पुढच्या दाराला चालले होते. आरशाकडे बघतच ती म्हणाली, "त्या वर्साला मी आतून कडी वाजवली व्हती, बाय. ढोलान तुला आयकू नसल गेली."

मी चकतीवर तळहात दाबून धरला होता. चिकटेपर्यंत तो काढायचा नसतो. म्हटलं, "आयकली व्हती."

आरसा तिने खाली ठेवला नाही. मी तिची माफी मागितली, पहिल्यांदाच, आणि ती "ऱ्हाऊ दे आता" एवढंच म्हणाली. माझ्यावरची खरी घाण कोणती होती ते मला त्या खोलीत कळलं. ती पिशवीत नव्हती. आणि त्या घाणीसकटच मला दुपारी देवीने जवळ घेतलं होतं, मी कबूल करायच्याही आधी. स्वच्छ होऊन मग तिच्याकडे जायचं, हीच माझी समजूत होती. आता वाटतं, आपण नळापर्यंतसुद्धा तिच्या समोरूनच जातो. आपलं काम एवढंच, की कोणी दंड धरला की पाय मागे ओढायचे नाहीत.

पंधरा दिवसांनी मी हिरवी साडी धुऊन, इस्त्री करून, नवी साडी सोबत घेऊन मोऱ्याला गेले. हिराबाय जवळा निवडत होती. मी कोण हे तिला आधी आठवलंच नाही. आठवल्यावर तिने नवी साडी देवीपुढे ठेवली आणि जुनी माझ्याकडे परत सारली. "दिलेली साडी ती परत घेत नाय. पोट कसा हाय?" मी म्हटलं, आहे तसंच आहे. तिला ते उत्तर पुरेसं वाटलं असावं, कारण तिने मला निवडायला मूठभर जवळा दिला आणि आम्ही दोघी बसलो. त्या तासाभरात माझ्याकडून जी सेवा झाली तेवढी तीस वर्षांत झाली नसेल.

ती साडी मी वरच्या खणात ठेवली नाही. नेसते. काठ विरायला लागले आहेत. सकाळी देव्हाऱ्यापुढे बसते आणि पोट बोललं तर बोलू देते. ओटी आता एक वर्ष रंजना भरते आणि एक वर्ष मी.

यंदाच्या चैत्रात पालखी दारात आली तेव्हा सगळे खालून जात होते. वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूंची नवी सून जिन्याच्या पायरीवर उभी होती, भिंतीला चिकटून. परभणीकडची पोर, नवी कोरी साडी, आणि हात मात्र पदराखाली घट्ट. मी तिला खुणेने बोलावलं. तिने मान हलवली. जवळ गेले तर हळूच म्हणाली, "काकू, मला नाही चालत आज. मी इथूनच हात जोडते." पालखीवाले वाट बघत होते. मी तिचा दंड धरला.

"चल गो," मी म्हटलं. "तू कोन लागून गेलीस मोठी?"